२१ हजारांच्या आतले निराधार

निराधारांना दरमहा रोख मदत देणाऱ्या संजय गांधी निराधार अनुदान योजनेसाठी महाराष्ट्रात कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१ हजार रुपयांच्या आत असावे लागते. दिव्यांगांना ही मर्यादा ५० हजारांची आहे. विधवा, परित्यक्ता, दुर्धर आजाराने अंथरुणाला खिळलेले, शेतकरी आत्महत्येने उघडे पडलेले कुटुंब, तृतीयपंथी, देवदासी, तुरुंगात असलेल्या कैद्याची बायको, या सगळ्यांना २१ हजारांचाच दाखला आणावा लागतो. म्हणजे उत्पन्न महिन्याला १,७५० रुपये, दिवसाला ५७-५८ रुपये, आणि तेही एकट्या व्यक्तीचे नव्हे, पूर्ण कुटुंबाचे. ही मर्यादा दशकभराहून अधिक काळ जागची हललेली नाही. दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव असेल तर दाखल्याची अडचण येत नाही, पण ती यादी २००२च्या सर्वेक्षणावरची. २०१०नंतर लग्न होऊन गावात आलेल्या आणि आता नवरा गमावलेल्या बाईचे नाव त्यात असणार कुठून?

ही अट रोजगार हमीच्या मजुरीशेजारी ठेवून बघावी. २०२५-२६ साली महाराष्ट्रात मनरेगाचा दर दिवसाला ३१२ रुपये होता. एखाद्या विधवेने वर्षात ६८ दिवस रोजगार हमीच्या कामावर माती उचलली, की ती सरकारच्या लेखी निराधार राहत नाही. सरकारचाच दुसरा कायदा तिच्या कुटुंबाला १०० दिवस कामाची हमी देत होता. ते १०० दिवस भरले तर कमाई होते ३१,२०० रुपये, म्हणजे एका कायद्याचा हक्क पुरता वापरला की दुसऱ्या योजनेचा हक्क गेला.

मग इतक्या लोकांना अनुदान मिळते कसे? दाखला २१ हजारांच्या आत बसवून घेतला जातो म्हणून. ज्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात त्या तलाठ्याला हे ठाऊक असते, तहसीलदाराला ठाऊक असते, प्रकरणे मंजूर करणाऱ्या तालुका समितीलाही ठाऊक असते. गावात मजुरी करून जगणारे कुठलेही कुटुंब वर्षाला २१ हजारांत राहू शकत नाही, हे उघड गुपित आहे. एखादा अधिकारी माणुसकीने दाखला देतो, एखादा पैसे घेऊन देतो, एखादा नियमावर बोट ठेवून नाकारतो. मंजुरी ज्याच्या हातात आहे त्याच्या मर्जीवर सगळे येऊन ठेपते. शिवाय ज्या बाईला अनुदान मिळाले, तिच्या कागदातली खोटी ओळ आयुष्यभर तिच्या मानेवर राहते. उद्या कुणीही उठून तिला बोगस म्हणू शकतो.

सरकारी मदतीबद्दलचा सगळ्यांत पसरलेला गैरसमज इथूनच जन्माला येतो. निकष ढिले आहेत, कुणीही घुसतो, म्हणून ते आवळायला हवेत, असे लोक धरून चालतात. वस्तुस्थिती उलटी आहे. निकष इतके घट्ट आणि जुने आहेत की खरा गरजूही कागदावर खोटे बोलल्याशिवाय त्यांत बसत नाही. आणि त्या खोट्याचेच उदाहरण देऊन निकष आणखी आवळले जातात.

मुख्यमंत्री लाडकी बहीण योजना २०२४च्या जुलैपासून सुरू झाली. वय २१ ते ६५, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत, रक्कम महिन्याला १,५००. संजय गांधी योजनेत विधवांना मिळणारी रक्कमही २०२३पासून तितकीच, १,५००. म्हणजे दोन्हींकडे मिळणारे पैसे सारखे, पण ज्या बाईचे कुणीच नाही तिला दार जवळपास बारा पट अरुंद. लाडक्या बहिणीची मर्यादा कमी करावी, असे मला मुळीच सुचवायचे नाही. अडीच लाख ही गरीब कुटुंबाची माणसासारखी व्याख्या आहे. तीच व्याख्या निराधार विधवेला का लागू नाही, याचे उत्तर शासनाने द्यायला हवे.

लाडकी बहीण योजनेत सरकारी नोकरीतल्या बायकांनी पैसे घेतले, आणि २०२५च्या छाननीत १४,२९८ पुरुषांच्या खात्यांत हप्ते गेल्याचे उघड झाले, ही गोष्ट खरी आहे. त्यावर कारवाई व्हायलाच हवी. पण फेब्रुवारी २०२५मध्ये जी पहिली पाच लाख नावे अपात्र म्हणून जाहीर झाली, त्यांची फोड किती जणांनी वाचली? त्यांतल्या २ लाख ३० हजार बायका संजय गांधी निराधार योजनेच्या लाभार्थी होत्या आणि १ लाख १० हजार बायका ६५ वर्षांवरच्या. चारचाकी असलेल्या घरांतल्या, नमोशक्ती या दुसऱ्या योजनेचा लाभ घेणाऱ्या आणि स्वतःहून नाव काढून घेतलेल्या मिळून उरलेल्या १ लाख ६० हजार. बातमीचा मथळा मात्र ‘पाच लाख अपात्र’, आणि चहाच्या टपरीपर्यंत पोहोचेस्तोवर त्याचे ‘पाच लाख बोगस’ झालेले. दोन योजनांचे अर्ज भरलेली विधवा आणि वय उलटलेली आजी यांना लबाड म्हणणे अन्यायाचे आहे. अंगणवाडीत रांग लावून अर्ज भरून घेतले जात होते तेव्हा ‘तुला आधीच दुसरे अनुदान आहे का’ हे संगणकालाच विचारता आले असते. दोन्ही याद्या सरकारकडेच होत्या.

रेशनबद्दलचे गैरसमज तर घरोघरी आहेत. पहिला, कार्डाचा रंग पाहून धान्य मिळते. तसे नाही. २०१३च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने दोनच गट धरले, अंत्योदय आणि प्राधान्य कुटुंब. अंत्योदयला कुटुंबामागे महिन्याला ३५ किलो, प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो. केशरी कार्डवाल्यांतले काही प्राधान्य गटात आहेत, बरेचसे नाहीत. महाराष्ट्रात प्राधान्य गटासाठी उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात ४४ हजार आणि शहरात ५९ हजार. अंत्योदय नेहमीच फायद्याचे, असेही नाही. घरात सात माणसे असतील तर दोन्हीकडे ३५ किलोच येतात, आणि आठवे माणूस आले की प्राधान्य गटात जास्त धान्य मिळते.

दुसरा गैरसमज असा, की पात्र असेल त्याला अर्ज केल्यावर धान्य सुरू होते. इथे ‘इष्टांक’ आडवा येतो. केंद्राने प्रत्येक राज्याला किती माणसांना धान्य द्यायचे याची संख्या ठरवून दिली. महाराष्ट्राची ती सुमारे ७ कोटी आहे, ग्रामीण भागातील ७६.३२ टक्के आणि शहरी भागातील ४५.३४ टक्के लोकसंख्या, आणि ही लोकसंख्या २०११च्या जनगणनेतली. २०२१ची जनगणना झालीच नाही. २०११नंतर जन्मलेली मुले, वेगळी झालेली घरे, मुंबई-पुणे-नाशिकच्या वस्त्यांत आलेली कुटुंबे या आकड्यात नाहीत. तालुक्याचा इष्टांक भरला की पुरवठा शाखेतून एकच उत्तर मिळते, ‘जागा नाही’. कुणी मेले, कुणाचे लग्न होऊन गेले, कुणाचे नाव कमी झाले, तरच दुसऱ्याला जागा.

नव्या सुनेचे काय होते ते जवळून बघावे. माहेरच्या कार्डातून तिचे नाव कमी करून तसा दाखला आणायचा, सासरच्या कार्डात वाढवायचा अर्ज द्यायचा. माहेर दुसऱ्या तालुक्यात असेल तर दोन्ही तहसीलचे हेलपाटे. शेवटी कार्डावर तिचे नाव येते. दुकानात ई-पॉस मशीनवर अंगठा ठेवला तर पावतीवर मात्र सासू-सासरे आणि नवरा, तिघांचेच १५ किलो. कार्डावर नाव चढणे ही एक पायरी, आणि ते नाव प्राधान्य लाभार्थी म्हणून संगणकात घेतले जाणे ही दुसरी, इष्टांकावर अवलंबून असलेली. पुढे तिला मूल झाले की त्याचीही तीच गत. म्हणून कार्ड हातात आले की काम झाले असे समजू नये. कार्डाचा बारा अंकी क्रमांक टाकून ऑनलाइन नोंदीत किती सदस्यांना धान्य मंजूर आहे ते पाहावे, आणि दर वेळी दुकानदाराकडून मशीनची पावती मागून घ्यावी.

‘फुकट धान्यामुळे मजूर मिळत नाहीत’ ही तक्रार विदर्भ-मराठवाड्यात दर खरिपात ऐकू येते. ती करणारा शेतकरी खोटे बोलत नसतो. सोयाबीन काढणीला माणूस मिळत नाही हे खरेच आहे. पण कारण तो सांगतो ते नव्हे. माणशी महिन्याला ५ किलो म्हणजे दिवसाला १६६ ग्रॅम गहू-तांदूळ. त्यात डाळ नाही, तेल नाही, भाजी, गॅस, दवाखाना, मुलांच्या वह्या, काहीच नाही. एवढ्यावर घरी बसून राहता येते असे ज्याला वाटते त्याने १६६ ग्रॅम धान्य तराजूत घालून बघावे. मजूर मिळत नाही, कारण सोयाबीन एकाच पंधरवड्यात सगळ्या गावाचे तयार होते आणि पाऊस डोक्यावर असतो. मजूर मिळत नाही, कारण दिवाळीच्या आगेमागे बीड-जालन्याची लाखो माणसे ऊसतोडीला कोल्हापूर, सांगली, कर्नाटकात निघून जातात. रेशन मिळते म्हणून एकही कोयता घरी थांबलेला नाही. आणि मजूर मिळत नाही, कारण शहरातल्या बांधकामावर जास्त मजुरी आहे आणि ती रोज आहे. शेतकऱ्याला ती देणे परवडत नाही, कारण त्याचे सोयाबीन हमीभावाखाली विकले जाते. त्याचे दुखणे भावात आहे. भावाचा राग मजुराच्या पिशवीवर काढून दोघांपैकी कुणाचेच भले होत नाही.

मदत घेतल्याने माणूस आळशी होतो का, हा प्रश्न तपासलेला आहे. अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली सहा विकसनशील देशांतल्या सात रोख-मदत कार्यक्रमांची आकडेवारी एकत्र तपासली. मदत मिळणाऱ्यांनी काम कमी केल्याचा पद्धतशीर पुरावा त्यांना सापडला नाही. पैसा दारू-तंबाखूत जातो, या समजुतीवर जागतिक बँकेच्या डेव्हिड इव्हान्स आणि अॅना पोपोव्हा यांनी १९ अभ्यास पडताळले. मदतीमुळे असा खर्च वाढल्याचे दिसले नाही. अमुक एक जण अनुदानाच्या दिवशी गुत्त्यावर दिसला, हे खरे असू शकते. पण तो एक जण डोळ्यांपुढे राहतो, आणि त्याच दिवशी रक्तदाबाच्या गोळ्यांची पट्टी घेणाऱ्या वीस जणी कुणाच्या लक्षात येत नाहीत.

रेशनचा तांदूळ विकला जातो, हेही नाकारण्यात अर्थ नाही. कुठे दुकानदारच पोती फिरवतो. तो गुन्हा आहे आणि गावाच्या दक्षता समितीने तो पकडायला हवा. पण सोलापूर, बीड, लातूरकडच्या ज्वारी खाणाऱ्या घराला महिन्याला दहा-बारा किलो तांदूळ दिला, तर त्यातला काही विकून ते घर ज्वारी किंवा तेल घेणारच. गरज नसताना घेतल्याची ही खूण नाही. तिथे ज्वारी द्यावी, हा त्यावरचा उपाय. कायद्यात भरड धान्याची तरतूद पहिल्या दिवसापासून आहे.

‘आम्ही कर भरतो आणि हे फुकट खातात’ हे वाक्य पगारदार मंडळींच्या तोंडी फार असते. यातला पहिला भाग अर्धवट आहे. आयकर भरणारे थोडे, पण मोबाइलच्या रिचार्जवरचा १८ टक्के जीएसटी निराधार बाईही भरते, आणि तिला खत-औषधाच्या दुकानात, मेडिकलमध्ये सवलतीची वेगळी खिडकी नाही. दुसरा भाग तर बघायलाच हवा. जुन्या करपद्धतीत स्वतः राहत असलेल्या घराच्या कर्जावरचे दोन लाखांपर्यंतचे व्याज उत्पन्नातून वजा होते. ३० टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाचा त्यामुळे उपकरासह वर्षाला ६२,४०० रुपये कर वाचतो. निराधार अनुदान वर्षाला १८ हजार. पहिल्याला कुणी अनुदान म्हणत नाही आणि त्यासाठी दरवर्षी जिवंत असल्याचा दाखला घेऊन तहसीलला जावे लागत नाही. घरकर्जाची सवलत घेणारा चोर नाही, आणि १,५०० रुपये घेणारीही नाही.

नोकरदारांच्या पगारातून व्यवसाय कर कापला जातो, त्याची मुळे तर थेट इथेच आहेत. १९७२च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी राज्यभर उभी राहिली आणि तिच्यासाठी पैसा हवा म्हणून १९७५ साली हा कर आला. शहराने गावाच्या हाताला काम द्यायचे, असा तो करार होता. त्यातून फक्त मजुरांना मजुरी मिळाली असेही नाही. त्या मजुरीतून विहिरी, नालाबांध, पाझर तलाव, रस्ते झाले. १९९०पासून रोजगार हमीतून फळबागा लागल्या. कोकणातल्या कितीतरी आंबा-काजूच्या बागा त्यातल्याच. मदतीचा लाभ जमीन असलेल्यांनाही झाला, फक्त त्यांना कुणी लाभार्थी म्हटले नाही.

खरी गळती आता वेगळ्याच ठिकाणी होते, आणि तिची चर्चा होत नाही. अनुदान थेट खात्यात येऊ लागल्यापासून ‘पैसे बंद झाले’ म्हणणाऱ्या पाच-सहा तक्रारींची कारणे साधारण सारखीच निघतात. बँकेत आधार ‘लिंक’ असणे आणि पैसे येण्यासाठी ते ‘मॅप’ असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एका आधार क्रमांकाला एका वेळी एकच बँक मॅप होते, आणि सगळ्यांत शेवटी जिथे संमती दिली तिथे पैसे जातात. बचत गटासाठी नवे खाते काढले, सिमकार्ड घेताना दुकानदाराने पेमेंट बँकेचे खाते उघडून टाकले, की अनुदान तिकडे जाऊन पडते आणि बाई जुने पासबुक भरत राहते. २०१७ साली गॅसचे अनुदान असेच लाखो ग्राहकांच्या नकळत एका मोबाइल कंपनीच्या पेमेंट बँकेत गेले होते. म्हणून पैसे थांबले की पहिल्यांदा आधारच्या संकेतस्थळावर बँक सीडिंगची स्थिती, म्हणजे कोणती बँक मॅप आहे ते, बघावी. त्यासाठी ओटीपी लागतो, आणि म्हाताऱ्या माणसांच्या आधारला बहुतेक वेळा पोराचा बंद पडलेला नंबर जोडलेला असतो. तेव्हा त्याआधी आधार केंद्रात नंबर बदलावा लागतो.

नावाचा घोळ दुसरा. आधारवर ‘शांताबाई’, पासबुकावर ‘शांता’, नवऱ्याच्या मृत्यूदाखल्यावर माहेरचे नाव. वयाचा तिसरा. जन्मतारीख माहीत नसलेल्यांच्या आधारवर १ जानेवारी आणि अंदाजाने घातलेले साल असते. ते चार वर्षांनी चुकले तर ६८ वर्षांची बाई कागदावर ६४ची राहते आणि ६५पासून लागू होणाऱ्या श्रावणबाळ या वृद्धांच्या निवृत्तिवेतन योजनेतून बाहेर पडते. रेशनच्या ई-केवायसीत, म्हणजे ओळख पडताळणीत, चौथा. पाच वर्षांखालच्या मुलांचे ठसे नसतातच. पाच आणि पंधरा वर्षांचे झाल्यावर आधारमधले ठसे नव्याने द्यावे लागतात. ते दिले नसतील तर मुलाचा अंगठा मशीन ओळखत नाही आणि नाव रखडते. भांडी घासून, वीटभट्टीवर, द्राक्षाच्या थिनिंगला हात झिजलेल्या बाईचेही तेच. अशा वेळी चेहऱ्यावरून ई-केवायसी होते, डोळ्यांच्या बुबुळांवरूनही होते. दुकानदाराने ‘अंगठा येत नाही’ म्हणून परत पाठवणे चुकीचे आहे.

ऊसतोडीला किंवा कामाला गेलेल्यांनी हे लक्षात ठेवावे, की धान्य देशातल्या कुठल्याही रेशन दुकानातून उचलता येते, थोडे इथे आणि थोडे घरच्यांनी गावी असेही. दुकानदाराचा कोटा त्याला जोडलेल्या कार्डांवर ठरत असल्याने तो बाहेरच्या कार्डाला टाळतो. नकार दिला तर १९६७ या क्रमांकावर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक लिहून घ्यावा.

या सगळ्या कारणांनी कटलेली नावे अहवालात ‘बोगस वगळले’ या एकाच रकान्यात जातात. झारखंडमध्ये २०१६ ते २०१८ या काळात रद्द झालेल्या रेशनकार्डांचा अर्थशास्त्रज्ञांनी घरोघर जाऊन शोध घेतला, तेव्हा त्यांतली बहुतांश कार्डे खऱ्या, हयात कुटुंबांची निघाली. आपल्याकडे वगळलेल्यांच्या दारात कोण गेले आहे?

करायचे ते अवघड नाही. निराधार योजनेची उत्पन्नमर्यादा लाडकी बहीणइतकी अडीच लाख करावी. मग खोटे दाखले आपोआप थांबतील. इष्टांक जनगणनेची वाट न बघता लोकसंख्येच्या अंदाजावर वाढवावा. वृद्धांच्या निवृत्तिवेतनात ८० वर्षांखालच्यांसाठी केंद्राचा वाटा २००७पासून २०० रुपयेच आहे, तो महागाईशी जोडावा, म्हणजे वाढीसाठी निवडणुकीची वाट बघावी लागणार नाही. आणि नाव वगळण्याआधी लेखी नोटीस, कारण, आणि उत्तर द्यायला ३० दिवस मिळायला हवेत. चावडीवर लाभार्थ्यांची यादी वाचली जाते, तशी वगळलेल्यांचीही वाचावी, प्रत्येक नावापुढे कारणासह. ठसा जुळला नाही, खाते मॅप नाही, नाव वेगळे, मयत, उत्पन्न जास्त, असे रकाने वेगवेगळे ठेवावेत. ग्रामसभेला शेजारच्या बाईची परिस्थिती ठाऊक असते. मयत दाखवलेली बाई समोर बसलेली असेल तर ते तिथल्या तिथे कळते आणि ठरावासह नाव त्याच आठवड्यात तहसीलला परत पाठवता येते.